ऊन पडतं, बर्फ हलत नाही

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात फेब्रुवारी अर्धा सरला की सूर्य पुन्हा माणसांत येतो. डिसेंबरच्या अखेरीस तो भरदुपारीही क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर चढलेला असतो. डोंगराच्या आडोशाला बांधलेल्या काही घरांना तर कित्येक आठवडे तेवढाही दिसत नाही. दिवस साडेसहा तासांचा, तोही बहुतेक वेळा मळकट. मग रोज चार-पाच मिनिटांनी दिवस लांबत जातो आणि फेब्रुवारीच्या शेवटी दहा-साडेदहा तासांचा होतो. आभाळ निळंभोर, हवा कोरडी, दरी पांढरीशुभ्र. फोटोतून पाहणाऱ्याला वाटावं, एवढं लख्ख ऊन आहे तर दोन दिवसांत सगळं वितळेल. पण हा सूर्य अजून २३-२४ अंशांवरच असतो. मुंबईत वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो, म्हणजे याच्या दुप्पट उंच. स्कॉटलंडातल्या या उन्हाने डोळे दिपतात, पण हातमोजा काढून हात पुढे धरला तर ऊब लागत नाही.

आणि पायाखाली आठ-पंधरा दिवसांपूर्वी पडलेला बर्फ तसाच असतो. तसाच म्हणजे पडला तेव्हासारखा मात्र नाही. पडताना तो कापसासारखा होता. आता तो फरशीइतका टणक झालेला असतो. बातम्या होतात त्या बर्फ पडण्याच्या. वादळाला नाव मिळतं, शाळा बंद होतात, वर्तमानपत्रांत पानभर फोटो येतात. पुढे तो बर्फ गल्लीबोळात, दुकानांच्या पायऱ्यांसमोर, बसथांब्यांवर ठाण मांडून बसतो, त्याची दखल कुणी घेत नाही. गावाची परीक्षा मात्र तोच घेतो.

पूर्व स्कॉटलंडातलं ब्रेमार हे अशा थंडीचं हक्काचं गाव. ॲबर्डीनशर परगण्यात, डी नदीच्या वरच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंचीवर वसलेलं. ११ फेब्रुवारी १८९५ रोजी इथे उणे २७.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. १० जानेवारी १९८२ रोजी पुन्हा नेमकं तेवढंच. संपूर्ण ब्रिटनमध्ये याहून खालचा आकडा कुठेच नोंदला गेलेला नाही; ३० डिसेंबर १९९५ रोजी उत्तरेकडच्या आल्टनाहारा या खेड्याने त्याची बरोबरी केली, इतकंच. आणि १८९५च्या त्या पहाटेनंतर बरोबर १२६ वर्षांनी, ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, ब्रेमारचा पारा उणे २३ अंशांवर उतरला. पंचवीस वर्षांत ब्रिटनने एवढी थंडी अनुभवली नव्हती. त्याआधीचे काही दिवस पूर्वेकडून आलेल्या वाऱ्यांनी भरपूर बर्फ आणून टाकला होता. डच हवामान खात्याने त्या वादळाचं नाव ‘डार्सी’ ठेवलं होतं. मग वारा पडला, आभाळ मोकळं झालं आणि खरी थंडी त्यानंतर उतरली.

यामागचं कारण सोपं आहे. बर्फाचा थर जमिनीवर दुलईसारखा पसरला की जमिनीतली ऊब वर येऊ शकत नाही. आभाळात ढग नसतील तर बर्फाचा पृष्ठभाग रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो. त्याला टेकलेली हवा गार होते, गार होते म्हणून जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी साचते. ब्रेमार त्या तळाशीच आहे. अशा रात्री सभोवतालच्या डोंगरमाथ्यांवर खालच्या गावापेक्षा कमी थंडी असू शकते. दिवसा सूर्य आला तरी ताज्या बर्फावर पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के भाग आल्या वाटेने परत जातो. म्हणजे ज्या चमचमाटाने पाहणारा हरखून जातो, तो चमचमाट म्हणजे वाया गेलेलं ऊनच.

ब्रेमारमध्ये हवामानाच्या नोंदी ठेवण्याची सोय १८५५ साली राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी करून दिली. राजघराण्याचा बॅल्मोरल वाडा याच खोऱ्यात, जवळच आहे. तिथे ही मंडळी येत ती उन्हाळ्यात आणि शरदात. हिवाळ्याचे आकडे टिपायचं काम गावकऱ्यांच्या वाट्याला आलं. उन्हाळ्याचाही तिथे फारसा भरवसा नसतोच. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१च्या ऑगस्टमध्ये ब्रेमारला राहायला आला आणि पाऊस-गारठ्यामुळे घरात अडकून पडला. वेळ घालवण्यासाठी सावत्र मुलाबरोबर एका बेटाचा नकाशा रंगवता रंगवता त्याने ‘ट्रेझर आयलंड’ लिहायला घेतलं. ऑगस्टमध्ये ही गत, तर फेब्रुवारीचं काय सांगावं!

याच डी नदीच्या काठाने सुमारे २७ किलोमीटर खाली आलं की बॅलटर लागतं. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवावं, कारण १८५४ साली पॅट्रिक गेडिस यांचा जन्म इथे झाला. हेच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि त्यांच्यानंतर ती धुरा मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाहिली. गेडिस यांची एक आवडती आकृती होती: डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत खोऱ्याचा उभा छेद, आणि त्यात उतारागणिक बदलत जाणारे माणसांचे व्यवसाय. वर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मग मेंढपाळ, त्याखाली शेतकरी, शेवटी कोळी. उतार माणसाचं जगणं ठरवतो, असं त्यांचं सांगणं. कडाक्याच्या थंडीत या खोऱ्यात चार दिवस काढले तर त्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही.

उताराइतकंच महत्त्व दिशेला असतं, आणि ते शहरातही लागू पडतं. एडिंबरामधला प्रिन्सेस स्ट्रीट पाहा. दुकानं फक्त उत्तरेच्या बाजूला, त्यांचं तोंड दक्षिणेला, समोर बाग आणि किल्ला. बर्फ पडून गेल्यावर ऊन आलं की तिथला फुटपाथ लवकर मोकळा होतो, लोक कोट उघडे टाकून फिरतात. दोन रस्ते ओलांडून क्वीन स्ट्रीटवर गेलं तर घरांची तोंडं उत्तरेकडे. त्यांची लांबच लांब सावली समोरच्या फुटपाथवर दिवसभर पडून राहते आणि तिथला बर्फ हलायचं नाव घेत नाही. तिथून पुढे डंडास स्ट्रीट, हाऊ स्ट्रीट हे रस्ते सरळ उत्तरेला उतरतात. उतार, सावली आणि त्यात दगडी फरसबंदी, असा तिहेरी योग. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या नव्या शहराची आखणी झाली तेव्हा ऐटदार रेषांचा आणि डौलदार दर्शनी भागांचा विचार झाला. फेब्रुवारीत दूध आणायला निघालेल्या म्हातारीचा विचार त्यात नसावा.

टणक बर्फ तयार होतो तो मुख्यतः पायांनी. ताज्या बर्फात बहुतांशी हवाच असते. एका घनमीटरला ५० ते १०० किलो एवढंच त्याचं वजन. शाळेची पोरं, पोस्टमन, कुत्री फिरवणारे लोक यांनी तो तुडवला की आतली हवा निघून जाते आणि वजन तिप्पट-चौपट होतं. दुपारच्या उन्हात वरचा पापुद्रा जरासा ओलावतो आणि चार वाजल्यानंतर तेच पाणी पुन्हा गोठून त्या थराला काचेचा लेप देतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभरात फुटपाथवर एक ठोस, राखाडी, बुटांच्या ठशांनी खडबडीत झालेला थर बसतो. त्यावर पुन्हा हलकासा बर्फ भुरभुरला तर खालचा लेप दिसेनासा होतो, आणि घसरणाऱ्यांत बहुतेक लोक याच दिवशी घसरतात. वादळाच्या दिवशी सगळे जपून पावलं टाकत असतात. ऊन पडलेल्या दिवशी भीड चेपते.

छपरांवरही हाच खेळ चालतो. ऊन लागलं की छपरावरचा बर्फ पाझरतो, पाणी वळचणीला येतं, तिथे सावलीतल्या हवेचं तापमान शून्याखाली असतं, आणि मग तिथे हातभर लांबीचे बर्फाचे सुळे लोंबू लागतात. म्हणजे हे सुळे थंडीइतकंच उन्हाचंही काम आहे. शेजाऱ्याच्या घरात किती उष्णता वाया जाते तेही याच दिवसांत कळतं. ज्याच्या माळ्यावर जाड अस्तर घातलेलं आहे त्याच्या कौलांवर बर्फ टिकून राहतो. ज्याचं छप्पर आधी उघडं पडतं, तो आपले पैसे आकाशाला देत असतो.

रस्ते मोकळे ठेवण्याची लढाई मिठाने लढली जाते. खाणीतलं जाडं, तपकिरी मीठ ट्रकमधून रस्त्यावर पसरत जातात. या गाड्यांना तिकडे ‘ग्रिटर’ म्हणतात. सरकारने या गाड्यांना नावं देण्याची प्रथा पाडली, आणि स्कॉटिश लोकांच्या विनोदबुद्धीला ऊत आला. कुणी टेनिसपटू अँडी मरेच्या नावाची मोडतोड करून ‘सर अँडी फ्लरी’ सुचवलं, कुणी गायिकेला ‘ग्रिटनी स्पिअर्स’ केलं, कुणी वॉल्टर स्कॉटचा ‘सर सॉल्टर स्कॉट’. ‘ग्रिटी ग्रिटी बँग बँग’ नावाचीही एक गाडी आहे. हिवाळ्याच्या रात्री या गाड्या कुठे फिरताहेत ते इंटरनेटच्या नकाशावर बघता येतं, आणि वादळ आलं की हजारो लोक ते बघत बसतात. सरकारी खात्याबद्दल एवढी माया क्वचितच कुठे दिसत असेल.

पण मिठालाही मर्यादा आहे. तापमान उणे सात-आठच्या खाली गेलं की त्याचा जोर ओसरतो. शिवाय मिठाला चाकं लागतात: गाड्यांच्या टायरांखाली ते भरडलं जातं, पाण्यात मिसळतं, तेव्हा बर्फ सुटतो. फुटपाथवर टायर नसतात. तिथे टाकलेलं मीठ खड्यांसारखं पडून राहतं आणि आपल्याभोवती एकेक भोक पाडतं. म्हणून मोटारीच्या रस्त्यावर काळं डांबर दिसू लागतं आणि हातभर अंतरावरच्या फुटपाथवर अजून माणसं भिंतीला धरून चाललेली असतात.

कायद्याची भाषाही अशी सावध आहे. स्कॉटलंडच्या १९८४च्या रस्ते कायद्यानुसार, पादचाऱ्यांना आणि वाहनांना बर्फापासून धोका होऊ नये म्हणून स्थानिक प्रशासनाने त्याला वाजवी वाटतील ती पावलं उचलायची. वाजवी म्हणजे किती, हे पैशावर ठरतं. आधी मुख्य रस्ते, मग बसचे मार्ग, दवाखाने, शाळा, आणि वस्तीतले फुटपाथ यादीच्या तळाशी. जर्मनीतल्या बहुतेक गावांत घरापुढचा फुटपाथ साफ करण्याची जबाबदारी घरमालकावर येते. स्कॉटलंडात तशी सक्ती नाही. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिठाच्या पिवळ्या पेट्या ठेवलेल्या असतात. ज्याला वाटेल त्याने फावडं घ्यावं आणि पसरावं. आपण साफ केलं आणि तिथे कुणी पडलं तर आपल्यावरच दावा होईल, असा एक समज अनेक वर्षं पसरलेला होता. सरकारला पत्रकं काढून समजवावं लागलं की नीट काळजी घेऊन साफसफाई करणाऱ्यावर असा दावा होणं जवळजवळ अशक्य आहे. फक्त गरम पाणी ओतू नका, ते गोठून दुप्पट घात करतं. तरीही एखाद्या गल्लीत फिरलं की कळतं: तीन घरांपुढे स्वच्छ पट्टा, मग दहा घरांपुढे काच, मग पुन्हा एका घरापुढे पट्टा. शेजारधर्म कुठे आहे नि कुठे नाही, याचा असा उघडा नकाशा एरवी बघायला मिळत नाही.

अशा बर्फाचा विषय निघाला की २०१०च्या हिवाळ्याची आठवण अजून काढली जाते. नोव्हेंबरच्या अखेरीस बर्फ पडायला लागला आणि डिसेंबरचा बराच काळ तो जागचा हटला नाही. ग्लासगो आणि एडिंबरा यांना जोडणाऱ्या महामार्गावर शेकडो वाहनं रात्रभर अडकली आणि त्या गोंधळापायी परिवहनमंत्री स्टुअर्ट स्टीव्हन्सन यांना राजीनामा द्यावा लागला. बर्फाने मंत्री घरी बसवला, असं क्वचितच घडतं. लोकांच्या आठवणीत मात्र मंत्र्यापेक्षा बॉइलर जास्त आहेत. नव्या पद्धतीच्या बॉइलरमधून एक बारीक प्लॅस्टिकची नळी भिंतीबाहेर जाते, तिच्यातून पाणी ठिबकत असतं. त्या डिसेंबरमध्ये घरोघरी ती नळी गोठली आणि घरात गारठा असताना बॉइलर बंद पडले. गृहस्थ मंडळी ड्रेसिंग गाउनवर कोट चढवून, कोमट पाण्याची किटली घेऊन, त्या नळीची आर्जवं करत अंगणात उभी होती.

यापेक्षाही जुनी आठवण १९५५ची. त्या जानेवारीत उत्तर स्कॉटलंडातली खेडी आणि शेतं अशी तुटली की हवाई दल आणि नौदलाच्या विमानांनी माणसांसाठी अन्न आणि जनावरांसाठी चारा टाकला. त्या मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन स्नोड्रॉप’. आता एवढी पाळी येत नाही, पण रस्ते अजून बंद पडतात. ब्रेमारहून दक्षिणेला जाणारा रस्ता केर्नवेल खिंडीतून ६७० मीटर उंचीवर चढतो. ब्रिटनमधल्या मुख्य रस्त्यांत याहून उंच कोणताच नाही. त्या वाटेवर आपल्याकडच्या रेल्वे फाटकासारखी लोखंडी फाटकं आहेत. वर वादळ असलं की ती लावून घेतात, आणि मग गावाला एक बाजू उरत नाही.

अशा दिवसांत खेळ मात्र जोरात असतो. कर्लिंग या खेळाचं माहेर स्कॉटलंडच. सुमारे वीस किलोचा घासून गुळगुळीत केलेला दगड बर्फावरून सरकवायचा आणि दोघांनी पुढे धावत झाडूने वाट घासायची. हे दगड अजूनही आयल्सा क्रेग नावाच्या एका छोट्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे बनतात. एरवी खेळ बंदिस्त रिंगणात चालतो, पण तळं पुरेसं जाड गोठलं तर देशाची उत्तर विरुद्ध दक्षिण अशी मोठी लढत उघड्यावर व्हायची. १८४७ साली ती पहिल्यांदा झाली. पर्थशरमधल्या कार्सब्रेक तळ्याशी तर या लढतीसाठी रेल्वेचा स्वतंत्र थांबा होता. शेवटची लढत झाली ती फेब्रुवारी १९७९ मध्ये, लेक ऑफ मेंटीथवर. २०१०च्या जानेवारीत तळं पुन्हा गोठलं, खेळाडूंनी झाडू बाहेर काढले, आणि सुरक्षेच्या कारणावरून बेत रद्द झाला. त्यावर हळहळणारी मंडळी आजही भेटतात.

एडिंबराच्या राष्ट्रीय चित्रदालनात काळ्या पोशाखातल्या एका पाद्र्याचं चित्र आहे. रेव्हरंड रॉबर्ट वॉकर हाताची घडी घालून, एका पायावर तोल सावरत डडिंग्स्टन तळ्याच्या बर्फावरून घसरताहेत. चेहरा असा गंभीर की जणू प्रवचनच चालू आहे. चित्र हेन्री रेबर्न यांचं म्हणून प्रसिद्ध, जरी त्यावरून जाणकारांत वाद झडले असले. वॉकर ज्या स्केटिंग मंडळाचे सभासद होते, तिथे प्रवेशासाठी परीक्षा असे: दोन्ही पायांवर आळीपाळीने पूर्ण वर्तुळ काढायचं आणि मग आधी एक, नंतर दोन, मग तीन हॅटांवरून उडी मारायची. आता त्याच तळ्यावर बर्फ दिसला की त्यावर पाऊल टाकू नका, असं बजावलं जातं.

बर्फावर घसरणाऱ्यांच्या बाबतीत २०२१चा फेब्रुवारी मोठा क्रूर ठरला. स्कॉटलंडात स्कीइंगची पाच मोठी ठिकाणं आहेत: केर्नगॉर्म, ग्लेनशी, लेख्ट, ग्लेनको आणि नेव्हिस रेंज. तिथल्या वाऱ्याला बर्फ एका जागी ठेवणं पसंत नसल्याने उतारांवर लाकडी पट्ट्यांची कुंपणं घालतात. उडणारा बर्फ त्यांना अडून साचतो. कित्येक हिवाळे ही माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात. त्या वर्षी आभाळाने हात मोकळा सोडला, उतार शिगोशीग भरले, वर निळं आकाश आणि स्वच्छ ऊन. आणि करोनाच्या टाळेबंदीत सगळी ठिकाणं बंद. जवळपासच्या गावातल्या लोकांनी स्की खांद्यावर टाकून पायी चढून जावं आणि एकदाच खाली यावं, एवढीच मुभा उरली होती.

मेंढपाळाला या निळ्या आभाळाची भुरळ पडत नाही. काळ्या तोंडाच्या डोंगरी मेंढ्या फेब्रुवारीत गाभण असतात. कोकरं एप्रिलमध्ये होतात. वादळात मेंढ्या दगडी गडग्याच्या आडोशाला जातात, आणि वाऱ्याने वाहून आलेला बर्फ नेमका त्याच आडोशाला साचतो. बर्फाखाली त्या काही दिवस तग धरतात. त्यांच्या श्वासाने वरच्या थराला बारीकशी भोकं पडतात. लांब काठीने टोचत आणि कुत्र्याच्या नाकावर विसंबून त्यांना शोधून काढावं लागतं. कवी जेम्स हॉग हा मुळात एट्रिकच्या खोऱ्यातला मेंढपाळ. त्याने अशा वादळांवर लिहिलं ते स्वतः बर्फ उपसून. जुनी माणसं मार्च-एप्रिलमधल्या बर्फाला पक्ष्यांची नावं देत: टिटवी परतते तेव्हा येणारं ते टिटवीचं वादळ, त्यानंतरचं कोकिळेचं. टिटवी आली म्हणून ज्याने चारा संपवला, तो फसला.

डोंगरी ससे हिवाळ्यात पांढरे होतात आणि वसंतात पुन्हा तपकिरी. बर्फ पूर्वीसारखा टिकत नाही. पण सशांचं रंग बदलण्याचं वेळापत्रक तेच राहिलं आहे. त्यामुळे तपकिरी हेदर झुडपांच्या रानात पांढरा ससा दुरूनही उठून दिसतो आणि गरुडाचं काम सोपं होतं. मार्च २०२१ पासून परवान्याशिवाय या सशांना मारण्यावर बंदी आली आहे, पण ती गरुडाला कोण सांगणार? केर्नगॉर्मच्या रेनडिअरना मात्र थंडीचं वावडं नाही. १९५२ साली मिकेल उत्सी नावाच्या सामी जमातीच्या माणसाने स्वीडनमधून त्यांना इथे आणलं; खुराने बर्फ उकरून खालचं शेवाळासारखं दगडफूल खात ते निवांत हिंडतात.

म्हाताऱ्या माणसांचं तसं नाही. पाइपाचा गॅस जिथे पोहोचत नाही अशा खेड्यांत तेल, लाकूड किंवा महागड्या विजेवर घर तापवावं लागतं. पूर्वी सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली राहिलं, तर कमी उत्पन्नाच्या घरांना त्या आठवड्यासाठी २५ पौंड मिळत. थंडी जितकी लांबेल तितके हप्ते. २०२२-२३च्या हिवाळ्यापासून स्कॉटिश सरकारने ते बदलून सगळ्या पात्र घरांना एकदाच, हवामान काहीही असो, ५० पौंड द्यायला सुरुवात केली. पैसे ठरलेल्या वेळी मिळतात हा त्याचा गुण, आणि तो खराच. पण किनाऱ्यावरच्या सौम्य हवेतल्या घराला आणि ब्रेमारच्या खोलगटातल्या घराला एकाच मापाने मोजणं, हे डोंगर नकाशावर न पाहता आखलेलं धोरण आहे. गेडिस असते तर त्यांनी आपली ती खोऱ्याची आकृती काढून संबंधित अधिकाऱ्यासमोर धरली असती.

डोंगरात, ब्रेमारच्या वायव्येला ब्रेरिआख नावाचा १२९६ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याच्या एका घळीत, उत्तर-पूर्वेच्या सावलीत, बर्फाचा एक तुकडा राहतो. गिर्यारोहक त्याला ‘स्फिंक्स’ म्हणतात. ॲडम वॉटसन या निसर्गशास्त्रज्ञाने अशा तुकड्यांची नोंद आयुष्यभर ठेवली, आणि पुढे इयन कॅमेरॉन यांनी ते काम चालू ठेवलं. अख्ख्या विसाव्या शतकात हा तुकडा फक्त तीनदा पूर्ण वितळल्याचं नोंदलेलं आहे: १९३३, १९५९ आणि १९९६. त्यानंतर २००३, २००६, २०१७, २०१८. आणि ज्या २०२१च्या फेब्रुवारीत खाली गावात उणे २३ अंश होते, त्याच वर्षीच्या शरदात स्फिंक्स पुन्हा नाहीसा झाला. एका रात्रीच्या विक्रमी थंडीवरून हवामान सुधारलं असं म्हणणाऱ्यांनी या दोन नोंदी एकाखाली एक लिहून पाहाव्यात.

बर्फ कमी दिवस टिकतो म्हणून तो सोपा झालेला नाही. सवय सुटली की पाय जास्त घसरतात, आणि दर तीन-चार वर्षांनी येणाऱ्या थंडीसाठी फावडं कुठे ठेवलंय हेच आठवत नाही. मिठाच्या पेट्या वेळेवर भरून ठेवणं, बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंतचा फुटपाथ मोटारींच्या रस्त्याइतकाच निकडीचा मानणं, एवढं जरी स्थानिक प्रशासनांनी केलं तरी हाडं जोडण्याच्या खर्चातून काही पैसे वाचतील.

महाराष्ट्रातून एडिंबरा, ग्लासगो, ॲबर्डीनच्या विद्यापीठांत शिकायला जाणाऱ्या मुलांची संख्या लहान नाही, आणि जानेवारीच्या सत्रासाठी जाणाऱ्यांची पहिली गाठ याच बर्फाशी पडते. घरून निघताना आई-वडील स्वेटर, कानटोपी, लोकरी मोजे भरून देतात. ते ठीक, जाकीट तिथेही चांगलं मिळतं. त्यापेक्षा तळव्याला खोल दात असलेले बूट घ्यायला सांगा. चालताना हात खिशात घालू नयेत, पावलं छोटी टाकावीत, अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवावा. आणि रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर उत्तरेकडचा फुटपाथ धरावा. ऊन त्याच बाजूला पडतं.